श्रमाचा वाटा : साताऱ्यातील ‘कमवा आणि शिका’ची वाटचाल

रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात ‘कमवा आणि शिका’ला मानाचे पान मिळते, पण ते पान बहुधा एकाच सुरात लिहिलेले असते. गरीब घरातली मुले आली, त्यांच्याजवळ फीला पैसे नव्हते, मग त्यांनी माळ खणला, दगड फोडले, भाजीपाला पिकवला आणि शिकून मोठी झाली, असा तो सूर. त्यात खोटे काही नाही. पण एवढ्यावर थांबले की ही योजना म्हणजे गरिबीवरचा तात्पुरता इलाज होती आणि फीमाफी आली, शिष्यवृत्त्या आल्या तसे तिचे काम संपले, असा निष्कर्ष आपोआप निघतो. मला तो मान्य नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात उभी केलेली व्यवस्था विद्यार्थ्याला मदत देण्याची नव्हती, संस्थेच्या उभारणीत वाटा देण्याची होती. आणि त्या वाट्याबरोबर एक हमीही होती : हात कामात गुंतले म्हणून शिक्षणाची वरची वाट बंद होणार नाही. आज महाविद्यालयांत रोजगाराभिमुख अभ्यासक्रम, प्रशिक्षणाच्या योजना, कौशल्य केंद्रे यांची रेलचेल आहे. त्यांचे मोल ठरवताना या दोन गोष्टी हाताशी असाव्यात, म्हणून हा इतिहास त्या अंगाने तपासायचा आहे.

भाऊरावांना श्रमाचे मोल शाळेच्या फळ्यावर कळलेले नव्हते. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला त्यांचा जन्म झाला. वडील महसूल खात्यात कारकून, त्यामुळे घर खाऊनपिऊन सुखी. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेल्यावर परत येऊन शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात जातवार वसतिगृहांची मोठी चळवळ उभी होती आणि तिने बहुजन समाजाच्या मुलांना शहरात डोके टेकायला जागा दिली. तिची मर्यादाही भाऊरावांनी जवळून पाहिली : प्रत्येक जातीची मुले आपापल्या छपराखाली. पुढे किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विकत ते गावोगाव हिंडले, साताऱ्याच्या कूपर कारखान्याशी जोडले गेले. लाकडी नांगर टाकून लोखंडी घ्या, हे शेतकऱ्याला पटवायचे तर त्याच्या मेहनतीचा आणि उत्पन्नाचा हिशेब त्याच्याच बांधावर बसून मांडावा लागतो. मॅट्रिकही न झालेला हा माणूस शिक्षणसंस्था काढतो तेव्हा त्याच्या डोक्यात आधी हिशेब येतो आणि मग इमारत, याचे मूळ या फिरस्तीत आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे, सत्यशोधक समाजाच्या परिषदेत, संस्थेची स्थापना झाली. मागास वर्गातल्या मुलांत शिक्षणाची आवड निर्माण करणे हे तर उद्दिष्टांत होतेच. त्याच्या जोडीला निरनिराळ्या जातींच्या मुलांत प्रेमभाव वाढवणे, निरर्थक रूढींना फाटा देणे आणि मुलांना काटकसरी, स्वावलंबी बनवणे ही उद्दिष्टेही होती. श्रम आणि सहजीवन हे दोन्ही धागे पहिल्या दिवसापासून एकत्र आहेत. नंतरच्या काळात ते सुटे झाले, त्याकडे पुढे येतो.

१९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. या बोर्डिंगातला खरा वर्ग स्वयंपाकघरात भरत असे. आचारी ठेवायला पैसे नव्हते, आणि असते तरी ठेवायचा नव्हता. पहाटे पाणी भरणे, धान्य निवडणे, पीठ मळणे, भाकऱ्या थापणे, आमटीला फोडणी देणे, पंगतीला वाढणे, खरकटे काढणे, भांडी घासणे ही सगळी कामे पाळीपाळीने मुलांचीच. पाळी जातीवर ठरत नव्हती. म्हणजे मराठ्याच्या, जैनाच्या, मुसलमानाच्या मुलाने जी भाकरी खायची ती त्या दिवशी महाराच्या किंवा मांगाच्या मुलाने थापलेली असायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात याने वाढायचे. १९२७ हे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे साल. पाण्याला हात लावू द्यावा की नाही यावरून महाडात डोकी फुटत होती, तेव्हा साताऱ्यात एका परातीत पीठ मळले जात होते. हे व्याख्यानाने झाले नसते. रोजचे काम रोज उरकायचे असते, जेवण वेळेवर व्हायचे असते, आणि त्या घाईत सोवळ्याओवळ्याला बसायला जागा उरत नाही. श्रमाचा हा पहिला लाभ पैशात मोजता येत नाही. म्हणूनच योजनेच्या आर्थिक हिशेबात तो कधी दिसत नाही.

आर्थिक हिशेबावरचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला बगल देणे बरे नव्हे. मुलांच्या श्रमावर बोर्डिंग चालले, असे म्हणतात. ते तसे चालले नाही. बोर्डिंग चालले ते सुगीत गावोगाव फिरून गोळा केलेल्या धान्यावर, संस्थानिकांच्या आणि दात्यांच्या देणग्यांवर, सरकारी अनुदानावर, आणि या सगळ्यांनी दगा दिला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या अंगावरच्या दागिन्यांवर. मुले उपाशी राहू नयेत म्हणून या माउलीने एकेक डाग मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. पुढे स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले, तेव्हा संस्था अक्षरशः मेटाकुटीला आली. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले, हा प्रसंग सर्वज्ञात आहे. श्रमावरच संस्था उभी असती तर अनुदान बंद झाल्याने तिचा श्वास कोंडला नसता. तेव्हा ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ या वाक्याचा अर्थ ‘आम्हाला कोणाचे काही नको’ असा लावणे इतिहासाला धरून होणार नाही. भाऊराव उघडपणे मागत होते आणि हक्काने मागत होते. पण मागणारा आधी स्वतःचे हात घालून मागत होता, यामुळे त्या मागण्याला वजन येत होते. आणि मुलाच्या बाजूने पाहिले तर फरक आणखी मोठा होता. ज्या भिंतीचा दगड आपण वाहिला, ज्या वाफ्याला आपण पाणी दिले, त्या ठिकाणी राहताना कोणी उपकारकर्ता डोळ्यांसमोर ठेवावा लागत नाही. खेड्यातून आलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या हात जोडून उभे राहण्याची सवय लावली गेलेल्या मुलासाठी ही गोष्ट फीच्या रकमेपेक्षा मोठी होती. जमाखर्चात श्रमाचा हिस्सा चार आणे असेल, पण त्या चार आण्यांनी मुलाचे संस्थेतले स्थान बदलले.

मग शिकून या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न आजच्या भाषेत ‘करिअर’चा. त्याला भाऊरावांनी दिलेले उत्तर मला या साऱ्या इतिहासात सर्वांत कल्पक वाटते, आणि त्याची चर्चा फार कमी झाली आहे. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवी झालेल्या मुलांना शिक्षक बनवणारी ही संस्था. पण शिक्षक बनवून त्यांना नोकऱ्या कुठल्या? लोकल बोर्डाच्या शाळा मोजक्या, आणि त्या मोजक्या शाळांतल्या जागा खेड्यातल्या मुलाच्या वाट्याला येणे अवघड. संस्थेने ज्या गावांत शाळाच नाही अशी गावे हेरली आणि तिथे व्हॉलंटरी शाळा काढल्या. डोंगरकपारीतल्या वाड्या, जिथे सरकारी तपासनीस वर्षातून एकदाही पोचत नसे, तिथे शाहू बोर्डिंगात वाढलेला आणि ट्रेनिंग कॉलेजात तयार झालेला तरुण चावडीत किंवा देवळाच्या ओवरीत शाळा भरवू लागला. अशा शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली. यात जे घडले ते नीट पाहिले पाहिजे. आधी बाजारात नोकरी कोणती उपलब्ध आहे ते बघून मुलाला तिच्या मापाने शिकवायचे, ही रीत इथे उलटी झाली. समाजाला शिक्षकाची गरज होती, पण ती गरज नोकरीच्या जागेत रूपांतरित झालेली नव्हती. संस्थेने माणूसही घडवला आणि त्याच्यासाठी जागाही घडवली. त्या शाळेत शिकलेली पोरे पुढे पुन्हा बोर्डिंगात आली. आजच्या कोणत्याही प्लेसमेंट विभागाला हेवा वाटावा अशी ही साखळी होती, आणि तिच्यातला एकही दुवा एखाद्या कंपनीच्या मर्जीवर टांगलेला नव्हता.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले : मोफत, वसतिगृहयुक्त आणि श्रमावर आधारलेले. जून १९४७ मध्ये त्याच तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, आणि इथे या योजनेचा खरा कस लागला. मुले माळावर राबत होती, पहार आणि सुतकीने कातळ फोडत होती, माती वाहून वाफे तयार करत होती, बांधकामावर हात देत होती, आणि तीच मुले तासाला बसून इंग्रजी साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र शिकत होती. मुंबई इलाख्यातल्या एखाद्या नामांकित कॉलेजात जो अभ्यासक्रम, जी परीक्षा, तीच इथे. कष्टकरी मुलांसाठी म्हणून वेगळी, हलकी पदवी काढलेली नव्हती.

हा मुद्दा समजायला दोन तुलना उपयोगी पडतात. एक घरातली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. सूतकताईसारख्या उद्योगातूनच सगळे विषय शिकवावेत आणि त्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार निघावा, अशी तिची मांडणी. झाकीर हुसेन समितीने तिला आकार दिला, पण त्याच वेळी प्रा. के. टी. शहा यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला की, शाळा उत्पन्नावर चालवायची ठरली तर मूल हळूहळू कामगार होईल. साताऱ्याच्या योजनेवरही हा आक्षेप कोणी लावू शकेल. पण इथे उद्योग हा शिक्षणाचा आशय नव्हता. भाकरी थापण्यातून गणित शिकवण्याचा आव नव्हता. काम कामाच्या जागी, अभ्यास अभ्यासाच्या जागी, आणि पहिल्याने दुसऱ्याचे दार उघडायचे, एवढा साधा व्यवहार होता. शिवाय मुलाच्या श्रमाचे फळ बाजारात विकायला जात नव्हते, बरेचसे त्याच्याच ताटात आणि त्याच्याच वर्गखोलीत येत होते.

दुसरी तुलना दूरची. अमेरिकेत अलाबामा राज्यात १८८१ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगीची संस्था उभारली. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या समाजाच्या मुलांनी तिथे स्वतः विटा पाडल्या, भट्ट्या लावल्या आणि आपल्या इमारती बांधल्या. भाऊरावांचे नाव वॉशिंग्टन यांच्या जोडीने घेण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे आणि विटा-दगडांपुरती ती बरोबरही आहे. पण १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी वॉशिंग्टन यांच्यावर जी टीका केली ती या जोडीला विचार करायला लावते. त्यांचे म्हणणे असे की, कृष्णवर्णीयांना सुतारकाम, शेतकाम, गवंडीकाम शिकवून थांबले तर उच्च शिक्षणाचा आणि राजकीय हक्कांचा दावाच सोडून दिल्यासारखे होते. हातांना कौशल्य मिळते आणि मनुष्य आहे त्याच पायरीवर राहतो. माझ्या मते भाऊरावांनी वॉशिंग्टन यांची पद्धत घेतली आणि ध्येय ड्यू बॉइस यांचे ठेवले. साताऱ्यात दगड फोडणारा मुलगा गवंडी व्हावा म्हणून दगड फोडत नव्हता. याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन आले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एका व्यक्तीच्या उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये हे खरे. तरीही शेतकऱ्याच्या पोराने शेतकामाचे ‘सुधारित’ प्रशिक्षण घेऊन परत जावे, अशी संस्थेची अपेक्षा असती तर तिने १९४७ मध्ये कला शाखेचे महाविद्यालय काढलेच नसते.

इथे एक बोचरा प्रश्न येतो, आणि तो दलित चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी अनेक वेळा अनेक ठिकाणी विचारलेला आहे. ज्या जातींच्या वाट्याला शतकानुशतके अंगमेहनतच आली, त्यांच्या मुलांना शिक्षणासाठी पुन्हा अंगमेहनतच का? पांढरपेशा घरातला मुलगा पुस्तक घेऊन बसतो आणि याने मात्र कुदळ धरायची, ही कोणती समता? या प्रश्नाला ‘श्रमाला प्रतिष्ठा’ हे शब्द तोंडावर फेकून उत्तर होत नाही. प्रतिष्ठा शब्दांनी येत नाही, ती काम कोण करतो यावर ठरते. शाहू बोर्डिंगात काम सगळ्यांना होते. पाटलाच्या मुलाला सूट नव्हती आणि झाडू, भांडी, स्वयंपाक, शेत यांची वाटणी जन्मावरून होत नव्हती. ज्याच्या आजोबांनी गावकीची कामे केली त्याला इथे स्वयंपाकघर मिळाले, आणि ज्याच्या घरी गडी राबत त्याला इथे खराटा मिळाला. कामाची अदलाबदल झाली म्हणून कामाचा कलंक पुसला गेला. म्हणजे या आक्षेपाला संस्थेच्या जुन्या व्यवस्थेकडे उत्तर होते. आजच्या व्यवस्थेकडे ते आहे का, हे मात्र तपासावे लागते.

कारण १९५९ नंतर चित्र बदलत गेले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले. त्याच सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना फीमाफी दिली. ई.बी.सी. (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत आणि तिची बाराशे रुपयांची उत्पन्नमर्यादा ही अक्षरे महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीच्या तोंडी होती. लाखो मुले कॉलेजात आली ती या निर्णयामुळे, आणि याचे श्रेय खळखळ न करता दिले पाहिजे. रयतचे मोफत कॉलेज जे काही मुलांसाठी करत होते ते राज्याने सगळ्यांसाठी केले. पुढे अनुदान वाढले, प्राध्यापकांचे पगार सरकारकडून येऊ लागले, संस्थेचा विस्तार झाला. आज तिच्या शाखा सातशेहून अधिक आणि महाविद्यालये चाळीसहून अधिक आहेत. या वाढीत ‘कमवा आणि शिका’ सर्व विद्यार्थ्यांच्या जीवनक्रमातून निघून गरजूंसाठीच्या एका स्वतंत्र योजनेत गेली. विद्यापीठांनीही ती उचलली. पुणे विद्यापीठाने तिला कर्मवीरांचेच नाव दिले. अर्ज भरायचा, उत्पन्नाचा दाखला जोडायचा, निवड झाली की ग्रंथालयात, कार्यालयात, प्रयोगशाळेत किंवा बागेत तासावर काम करायचे. कामाची नोंदवही असते, पर्यवेक्षक प्राध्यापकाची तिच्यावर सही होते आणि महिन्याचे मानधन खात्यात जमा होते. या पैशांवर खोलीचे भाडे, खाणावळीचा खर्च आणि परीक्षेची फी भागवणारी मुले प्रत्येक महाविद्यालयात आहेत. योजनेचे हे उपकार लहान नाहीत.

पण दाखला जोडावा लागला, तिथेच मूळ धागा सुटला. ज्या क्षणी काम फक्त गरिबाला उरले त्या क्षणी ते काम गरिबीची खूण झाले. ग्रंथालयात पुस्तके लावणारा मुलगा आणि त्याच पुस्तकांसाठी खिडकीशी उभा असलेला मुलगा एकाच वर्गात बसतात, आणि दोघांनाही माहीत असते की एकजण इथे का आहे. वर्षभर काम मिळण्याची गरज असलेली मुलेही मित्रांना कळू नये म्हणून अर्ज करत नाहीत, ही तक्रार अनेक प्राध्यापकांकडून ऐकू येते. १९२७ च्या व्यवस्थेत ही लाज शक्यच नव्हती. अभ्यासाच्या वेळेबद्दलचा आक्षेपही इथेच बळकट होतो. सगळेच दोन तास काम करत असतील तर ते दोन तास कोणाच्याच हातचे जात नाहीत. महाविद्यालयाचा दिवस तसा आखला जातो. निम्म्यांनी काम करायचे आणि निम्म्यांनी क्लासला जायचे, अशी विभागणी झाली की काम करणारा परीक्षेत मागे पडतो, आणि मग ‘पोटापुरते कमव, अभ्यास काय नंतरही होईल’ असे त्याला त्याचे घरही सांगू लागते. यावर कोणी म्हणेल की, हजारोंच्या महाविद्यालयात सगळ्यांना काम कुठून देणार? बोर्डिंग चारदोनशे मुलांचे होते. अडचण खरी आहे, पण काम नाही असे नाही. परिसराची देखभाल, पाणी आणि वीज यांच्या वापराची मोजणी, ग्रंथालयातल्या जुन्या नोंदी संगणकावर घेणे, कनिष्ठ विद्यार्थ्यांना मागे पडलेले विषय शिकवणे, परिसरातल्या शेतकऱ्यांसाठी माती-परीक्षण, ग्रामपंचायतीच्या नोंदींना मदत : यांतले प्रत्येक काम आज एक तर बाहेरच्या कंत्राटदाराला जाते किंवा होतच नाही. सत्रातले काही तास प्रत्येकाला आणि त्यापुढचे तास मानधनासह ज्याला हवे त्याला, अशी रचना अशक्य कोटीतली नाही.

गेल्या काही वर्षांत या जुन्या योजनेच्या शेजारी नवे मांडव उभे राहिले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली : स्थानिक उद्योगांशी सल्लामसलत करून, परिसरातल्या गरजेप्रमाणे, कमी खर्चातले पदविका अभ्यासक्रम. २०१४ पासून बी.व्होक. आले, ज्यात एका वर्षानंतर पदविका, दोन वर्षांनंतर प्रगत पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. नव्या शैक्षणिक धोरणाने ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला श्रेयांक दिले. २०२४ मध्ये राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १० हजारांपर्यंत विद्यावेतन देऊ केले. या योजनांचे समर्थक विचारतात की, आता बाग झाडण्याचे कौतुक कशाला, मुलाला थेट कारखान्यात, बँकेत, रुग्णालयात पाठवा. यात तथ्य आहे. प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापेक्षा दूध संघाच्या प्रयोगशाळेत स्निग्धांश तपासायला शिकणे केव्हाही चांगले. पण ज्या अमेरिकेतून कम्युनिटी कॉलेजची कल्पना आली, तिथला अनुभवही शेजारी ठेवावा. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट येथे १९०१ मध्ये असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले ते विद्यापीठाची पहिली दोन वर्षे मुलाला गावातच, स्वस्तात मिळावीत म्हणून. पुढे व्यवसाय अभ्यासक्रम वाढले. १९६० मध्ये समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी दाखवून दिले की, ही महाविद्यालये समुपदेशन, चाचण्या आणि सल्ल्यांच्या वाटेने कित्येक विद्यार्थ्यांची पदवीची इच्छा हळूहळू थंड करतात आणि त्यांना छोट्या अभ्यासक्रमाकडे वळवतात. कोणीही दार बंद करत नाही, विद्यार्थी आपणहून दुसरीकडे वळतो, आणि अपयश आपलेच आहे असे मानतो. बी.व्होक.ची पहिल्या वर्षानंतर बाहेर पडण्याची सोय हेच काम करू शकते. ती सोय गरजेपोटी वापरणारा मुलगा कोणत्या घरातला असेल, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

म्हणून कोणत्याही रोजगार कार्यक्रमाला साताऱ्याच्या इतिहासातून दोन प्रश्न विचारता येतात. हे काम सगळ्यांचे आहे की फक्त दाखला आणणाऱ्याचे? आणि ते केल्यावर वरच्या शिक्षणाचा रस्ता तेवढाच मोकळा राहतो का? एका वर्षानंतर बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला दोन-तीन वर्षे नोकरी करून परत येताना श्रेयांकांचा हिशेब कोणीतरी हातात द्यायला हवा, आणि ते काम महाविद्यालयाचे आहे, त्याचे एकट्याचे नाही. कंपनीशी करार करताना किती मुले लागली यापेक्षा त्यातली किती पुढे पदवीपर्यंत गेली, हा आकडा वार्षिक अहवालात आला पाहिजे.

या इतिहासाची एक बाजू अजून लंगडी आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शाहू बोर्डिंग मुलग्यांचे होते. संस्थेने मुलींसाठी शाळा आणि अध्यापिका विद्यालये काढली, पण श्रमातून शिक्षणाचा जो आदर्श गाजला तो कुदळ धरलेल्या मुलाचा. मुली घरी पाणी भरत होत्या, भाकऱ्या थापत होत्या, शेतात खुरपत होत्या, आणि त्याचा मोबदला म्हणून त्यांना शिक्षण मिळत नव्हते. उलट त्यापायी सुटत होते. मुलग्याने बोर्डिंगात थापलेली भाकरी ‘स्वावलंबन’ ठरली आणि मुलीने घरी थापलेली कोणी मोजली नाही. आज महाविद्यालयात निम्म्याच्या आसपास मुली दिसतात, बहुतेक आसपासच्या गावांतून एस.टी.ने येणाऱ्या. त्यांचे तास दुपारी संपतात आणि शेवटची सोयीची गाडी साडेतीन-चारला सुटते. काम द्यायचे ते संध्याकाळी, असे वेळापत्रक असेल तर अर्जाच्या ढिगात मुलींचे अर्ज कमीच असणार. मग निवड समितीला वाटणार की मुलींना गरज नाही. कामाचे तास पहिल्या आणि तिसऱ्या तासिकेच्या मधल्या मोकळ्या वेळात बसवणे, आगाराशी बोलून गाडीची वेळ अर्धा तास पुढे नेणे आणि मानधन वडिलांच्या नव्हे, मुलीच्या स्वतःच्या खात्यात जाते आहे हे दरमहा पाहणे, ही कामे प्राचार्यांच्या एका आठवड्याच्या बैठकांत होण्यासारखी आहेत.